झारेकऱ्याची लेक

१ ऑगस्ट

न्हाणीच्या दाराशी दोन पोती दगड आणून टाकलेत. आंघोळीला जायचं तर उडी मारून जायचं. ह्या वयात!

नागेशला विचारलं, "काय रे, घर बांधतोस का थडगं?" बोलला नाही. तारिहाळचा कारखाना मे महिन्यात बंद पडला, तेव्हापासून माझा लेक बोलत नाही, नुसता जबडा हलवतो. बोलला तो बरोबरचा शेषगिरी. हा त्याच कारखान्यात ट्रक चालवायचा. आता काय चालवतो ते त्याचं त्याला ठाऊक.

"अक्का, दगड नव्हेत हे. गदगच्या अंगाच्या डोंगरातलं सोनं आहे."

म्हटलं, "मग पोत्यात कशाला? गळ्यात घाल की."

हसला. दात फार दाखवतो. दात दाखवणाऱ्याला मी चहा देत नाही. दिला नाही.

२ ऑगस्ट

दोघं बाहेर गेल्यावर पोत्यातला एक दगड काढला. पाण्यात बुडवला. पांढरी गारगोटी, मधून गंजल्यासारखी शीर. उन्हात काय, सगळंच चकाकतं. अभ्रक चकाकतं, काच चकाकते. बाप म्हणायचा, सावलीत धर. सावलीत जे चकाकतं ते खरं.

सावलीत धरला.

परत पोत्यात टाकला. कुणाला बोलले नाही.

५ ऑगस्ट

तीन दिवस दोघं परसात हातोडा घेऊन बसलेत. कच्चाच दगड फोडतात! एक कपची उडून नागेशच्या भुवईला लागली. रक्त पुसत परत ठोकायला बसला. बघवेना.

म्हटलं, "अरे गाढवांनो, आधी भाजा!"

दोघं माझ्याकडं बघायला लागले.

मी झारेकऱ्याची लेक. सोनारांच्या दुकानातला केर आणि शेगडीची राख आणायची, धुवायची, त्यातलं कणकण सोनं काढायचं, हा आमचा पिढीजात धंदा. पाऊस ओसरला की बाप गदगकडच्या ओढ्यांवर जाऊन रेती धुवायचा. कधी दगड भाजायचा. मला तिसरीतून काढलं ते परात धरायला. लग्न झालं आणि सुटलं सगळं. नागेशला कधी सांगितलंही नव्हतं. केर धुणाऱ्याची नात म्हणून त्याला कोण पोरगी देणार होतं?

आज सांगितलं. गोवऱ्यांचा ढीग करायचा, त्यात दगड लाल होईस्तोवर भाजायचा, तसाच गार पाण्यात टाकायचा. चर्रर्र करतो आणि भुगा होतो. मग उखळात कुटायचा, फडक्यातून चाळायचा, पिठासारखा.

शेषगिरी म्हणाला, "अक्का, तुम्ही तर इंजिनियर!"

म्हटलं, "इंजिनियर असते तर तुझ्यासारख्याला दारात उभं केलं असतं होय?" पण चहा दिला. खरं लिहायचं तर बरं वाटलं. साठ वर्षांनी कुणीतरी मला काही विचारलं.

ही डायरी गेल्या वर्षाची, कारखान्यानं फुकट दिलेली. वार खोडते आणि लिहिते.

९ ऑगस्ट, पंचमी

आज कापायचं नाही, खणायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. शेषगिरी सकाळीच हजर. "अक्का, नागोबा काय बघायला येतो होय?" हाकलला. लाडू देऊन हाकलला, सणाचा दिवस म्हणून.

१४ ऑगस्ट

आज झालं!

बापाची लाकडी परात माळ्यावर होती. वाळवीनं कडेला खाल्लीय, पण मधला खोलगट भाग शाबूत. परसातल्या टाकीपाशी बसले. हाताला सगळं आठवलं. डोक्याला नाही आठवलं, हाताला आठवलं. हलकं पीठ पाण्याबरोबर वाहून जातं, जड ते तळाला बसतं. शेवटी काळी रेती उरली, मूठभर.

शेषगिरीनं बाटलीतून पारा आणला होता. पारा सोनं खातो, दगड खात नाही. रेतीत पारा घालून मळला, कणकेसारखा. पंच्यात घालून पिळला. जास्तीचा पारा फडक्यातून थेंब थेंब बाहेर आला आणि आत राहिला पांढरा गोळा. लोण्यासारखा मऊ. बोटानं दाबला की ठसा उमटतो. ह्या गोळ्यात सोनं असतं पण दिसत नाही. गोळा जाळायचा. पारा उडून जातो, सोनं मागं राहतं.

जाळायच्या आधी दोघांना समोर बसवलं आणि बापाचे नियम सांगितले. घरात जाळायचं नाही. अंगणातही नाही. मोकळ्या माळावर, वाऱ्याकडं पाठ करून. जाळून झालं की अंगावरचे कपडे बाहेर काढायचे. आणि पोटुशी बाई त्या जागेला पंधरा दिवस फिरकता कामा नये.

शेषगिरी म्हणाला, "धूर तर दिसत पण नाही की."

म्हटलं, "दिसत नाही म्हणूनच सांगते. दिसला असता तर माझा बाप पळाला असता."

बाप शेवटी घरातच जाळायला लागला होता. म्हातारपण, माळापर्यंत चालवेना. दोन वर्षांत हिरड्यांतून रक्त, दात हलायला लागले, हात असा थरथरायचा की पाण्याचा तांब्या तोंडाशी नेईस्तोवर निम्मा अंगावर. माणसांना लाजायचा आणि माणसांवर भडकायचा. आईला तर चूल घरात असो की माळावर, कपडे बापाचेच धुवायचे. तिला नऊ पोरं झाली, जगलो दोघंच. लोक म्हणायचे, करणी केली कुणीतरी. करणी कसली! पारा होता तो.

गिरणीमागच्या मोकळ्या माळावर नागेशनं गोळा जाळला. मी लांब उभी. मग टाकणखार घालून वितळवला. मोहरीहून थोडा मोठा मणी. नागेशनं तळहातावर घेतला आणि हसला. तीन महिन्यांनी हसला माझा लेक.

२१ ऑगस्ट

दोघं दुसऱ्यांदा जाळायला गेले तर माळावर एक जण उभा. "एन सुडाकत्तीरि अण्णा?" काय जाळताय, म्हणून विचारायला लागला. शेषगिरी म्हणाला, मेलेली घूस. तो गेला, पण मागं वळून वळून बघत गेला.

शेषगिरी घाबरला. म्हणजे दगड चोरीचे. मला वाटलंच होतं. "अक्का, आता बाहेर नको. आत कुठंतरी..."

म्हटलं, "आत म्हणालास तर परात तुझ्या डोक्यात घालीन. लांब जा. बेलूरच्या पुढं जा, माळ काय कमी आहेत?"

नागेशनं मान हलवली. "होय अव्वा. लांब जाऊ."

२८ ऑगस्ट

स्वाती आली! नागेशची पोरगी, माझी एकुलती नात. सातवा निम्मा झालाय. अळणावरला सासरी कुबसाचं डोहाळजेवण झालं, ओटी भरली, आता बाळंतपणाला माहेरी. हिची आई गेली त्याला सहा वर्षं झाली. तेव्हा हे बाळंतपण माझंच.

सोडायला नवरा आला होता, सागर. मोटारी दुरुस्त करतो. गुणी पोरगा, पण हात स्वस्थ नाहीत. बसल्या बसल्या माझा मिक्सर उघडून ठेवला. "आज्जी, हा आवाज करत होता." म्हटलं, आवाज मीही करते, मला उघडू नका.

मग मेल्यानं मणी बघितला. नागेशनंच दाखवला, जावयासमोर मान वर करायला. झालं! "आज्जी, दगडातून हे कसं काढलं?" आणि मी बोलत सुटले. भाजणं, पाण्यात टाकणं, कुटणं, परात कशी कलती धरायची, पारा कसा मळायचा, पंचा कसा पिळायचा. परात त्याच्या हातात दिली, मनगट धरून फिरवायला शिकवलं. स्वाती हसत होती. "आज्जीला मास्तरीण करायला हवं होतं."

"आणि मग? गोळ्यातून सोनं वेगळं कसं करता?" सागरनं विचारलं.

तिथं थांबले. आमच्यात शेवटची पायरी जावयाला सांगत नाहीत. लेकीलाही नाही. मी शिकले ते कणगीमागं लपून बघून. बापाचा बाप म्हणायचा, सगळं दे, जाळणं देऊ नको, नाहीतर उद्या जावई तुझ्यासमोर दुकान मांडेल. म्हटलं, "ते आमचं घरातलं आहे, सागरराव. चहा घ्या."

घेतला बिचाऱ्यानं. पंच्यातल्या गोळ्याकडं बघत घेतला.

३ सप्टेंबर

रोज सकाळी स्वातीला तेल लावून न्हाऊ घालते. न्हाणीत चुलीवर तांब्याचा हंडा बसवलेला आहे, माझ्या सासूच्या वेळचा. गॅसच्या पाण्यानं हाडं शेकत नाहीत. चांगलं कढत पाणी, दार लावून, न्हाणी वाफेनं भरली की पोरगी सैल होते. पोटावर हात ठेवला तर लाथ बसली. दणकट हाडाचं पोर आहे.

"आज्जी, मुलगा असेल का गं?"

"कुणी का असेना, तुझ्या बापासारखं मुकं नसलं म्हणजे झालं."

नागेश परसात थुंकत होता. सारखा थुंकतो हल्ली. तंबाखू लागली काय?

७ सप्टेंबर

गणपती बसला. स्वातीनं नैवेद्याचा गोड कडुबू अर्धा खाऊन ठेवला. म्हणते, सगळ्याला पैसा चोखल्यासारखी चव येते. डोहाळे सातव्यातही पालटतात काय! माझ्या वेळी तर असं काही नव्हतं. माझ्या वेळी चव विचारायला कुणी नव्हतं.

१२ सप्टेंबर

बाळाचं झबलं शिवायला घेतलं. सुईत दोरा जाईना. डोळ्यांचं नव्हे. हातच एका जागी राहत नाही. हे अक्षरही बघा कसं झालंय. म्हातारपण, दुसरं काय!

स्वातीचं डोकं दुखतं. मोबाईलमधून डोकं काढत नाही, दुखेल नाही तर काय. नागेश आज उगाच ताट फेकून उठला. भाजी आळणी म्हणे. पन्नाशीचा घोडा आणि ताट फेकतो. मग परसात जाऊन रडत बसला. विचारलं तर लाजला.

लाजला.

१६ सप्टेंबर

स्वाती शेजारी भारतीकडं वाती वळायला गेली होती. म्हटलं, हंडा घासून घ्यावा. चिंच आणि मीठ लावलं. कडेचं तांबं लाल झालं. चुलीच्या तोंडावरचं होईना. पांढरंच राहिलं. घासलं की आणखी चकाकतं. चांदीसारखं. बोटाएवढे, रुपयाएवढे डाग, हंड्याच्या पोटावर आणि वर गळ्यापर्यंत.

कुणी दुसरी असती तर म्हणाली असती, बघा, देवानं तांब्याची चांदी केली. मी झारेकऱ्याची लेक. तांबं पांढरं कशानं होतं ते मला तिसरीच्या आधीपासून ठाऊक आहे. पारा उडतो, गार जागा मिळाली की बसतो. तांब्यावर बसला तर तांब्यात शिरतो. भिंतीवर बसला तर दिसत नाही. आणि खाली चूल पेटली की परत उडतो.

रोज सकाळी चूल मी पेटवली. दार मी लावलं. पोरीला तिथं अर्धा अर्धा तास मी बसवलं.

नागेश आला तेव्हा हंड्यापाशीच बसले होते. म्हटलं, "कितीदा?"

"काय कितीदा, अव्वा?"

"न्हाणीतल्या चुलीत गोळा कितीदा जाळलास?"

त्यानं हंड्याकडं बघितलं. मग म्हणाला, "सात. तुम्ही दोघी देवळात जायचात तेव्हा. बेलूरपर्यंत गाडी कुठली? शेषगिरी म्हणाला, जाळून दार उघडं टाकलं की जातो सगळा वास. आणि अव्वा, वास तर येतच नव्हता."

थोबाडीत दिली. पन्नाशीच्या घोड्याला. हात थरथरत होता तरी बसली बरोबर.

नियम मी त्याला सांगितले होते. पोटुशी बाई फिरकता कामा नये, हे त्यानं माझ्या तोंडून ऐकलं होतं. तरी. स्वतःच्या लेकीसाठी सोनं करायचं होतं म्हणे. बाळाच्या कानात घालायला.

१७ सप्टेंबर

स्वातीला आजच्या आज इथून काढायला हवं. पण माहेराहून आठव्यात सासरी परत? असं कुणी पाठवत नाही. कारण काय सांगणार? खरं सांगितलं तर जन्मभर सासू ऐकवेल, तुझ्या बापानंच तुला विष घातलं म्हणून. पोटात काही बिघडलं तर मग विचारायलाच नको.

नागेशला म्हटलं, तोंड शिवून ठेव. स्वातीला कळता कामा नये. सागरला तर नाहीच नाही.

सासूला फोन केला. गल्लीत कांजिण्या निघाल्यात, पोटुशीला नको, घेऊन जावा. सासू म्हणाली, "अगंबाई! लगेच पाठवते सागरला."

खोटं बोलायला मला कधी जड गेलं नाही. आजही गेलं नाही.

१८ सप्टेंबर

सागर गाडी घेऊन आला. स्वाती फुगून बसली होती. "आज्जी, मला हाकलतेस? आई असती तर हाकललं असतं तिनं?"

म्हटलं, "असती तर तिनं आधी तुझ्या बापाला हाकललं असतं. बस गाडीत."

जाताना सागर परसात घुटमळला. "आज्जी, ती परात वापरत नसलात तर नेऊ? लाकूड छान आहे." म्हटलं ने. डोळ्यांसमोरून गेली तर बरं. परत ह्या घरात त्या परातीचं तोंड बघायचं नाही मला.

गाडी वळणाआड गेली आणि पहिल्यांदा छाती भरून श्वास घेतला. मग आठवलं कुठं उभी राहून घेतेय. रस्त्यावर जाऊन उभी राहिले.

२० सप्टेंबर

नागेशला घेऊन दवाखान्यात गेले. तरुण डॉक्टरीण. त्याच्या हिरड्या बघितल्या, हात पुढं धरायला लावले. मग म्हणाली, "आज्जी, तुमचेही धरा." चारही हात थरथरत होते. रक्त आणि लघवी बेंगळूरला पाठवणार म्हणे.

"घरात गरोदर कुणी आहे?"

"होती. पाठवली."

"तिचीही तपासणी लगेच करून घ्या. लगेच, आज्जी!"

म्हटलं, होय. पण तपासायचं तर कारण सांगावं लागणार. तिकडं स्वच्छ हवा आहे, शेत आहे, म्हशीचं दूध आहे. निघून जाईल अंगातून. बाळंतीण होऊ दे सुखानं, मग बघू.

२३ सप्टेंबर

न्हाणी उकरली. गवंडी म्हणाला, चांगला गिलावा कशाला काढता? म्हटलं, तू काढ. चूल फोडली. हंडा भंगारवाल्याला देत होते, मग विचार केला, तो कुणाच्या तरी न्हाणीत बसवेल. चेपून, भोकं पाडून, माळावर खोल पुरला.

शेषगिरी उरलेली पोती आणि पाऱ्याची बाटली घेऊन गेला. "अक्का, रागावू नका. गिऱ्हाईक दुसरं बघतो." दारातूनच गेला. दात दाखवले नाहीत ह्या वेळी.

२७ सप्टेंबर

स्वातीचा फोन. राग गेलाय. बाळ लाथा मारतं. तोंडाची चव मात्र जात नाही म्हणते, डोकंही दुखतं अधूनमधून. दहा दिवसांत कुठं जाणार! हळूहळू जाईल. ताक पी म्हटलं.

नागेशचा हात थोडा कमी थरथरतो. काल पूर्ण वाक्य बोलला.

२ ऑक्टोबर

झबलं पुरं झालं. वाकडं झालंय. बाळाला काय कळतंय!

५ ऑक्टोबर

सकाळी स्वातीचा फोन. हसत होती. "आज्जी, कुणाला सांगू नको हं, अप्पांनाही नाही. शेषगिरीमामा पोती आणि पाऱ्याची बाटली आमच्याकडंच टाकून गेलेत. तू ह्यांना शिकवलंस तसं सगळं जमलं. अगदी लोण्यासारखा गोळा! पुढचं तू सांगितलं नव्हतंस ना, ते ह्यांनी स्वतःच शोधून काढलं. स्वयंपाकघरात गॅसवर, तव्यात. ह्यांना दुकान असतं, म्हणून ढवळायला मीच बसते. वाऱ्यानं गॅस विझतो, तेवढ्या खिडक्या लावून घेते. आत्ताही तव्यापुढंच बसलेय."

मी ओरडले, विझव ते, बाहेर पळ!

"अगं घाबरतेस काय? हे काय आज पहिल्यांदा आहे होय!"